गोळा, कुलूप आणि आमचे पाव्हणे

फेसबुकच्या पोस्टच्या वर, तारखेला लागून, पृथ्वीचा एक गोळा असतो. चष्मा पुसून पाहिला तरच दिसतो. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत आजवर भांडणं व्हायची ती बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून आणि लग्नातल्या मानपानावरून. आता त्यात या गोळ्याची भर पडली आहे. बांधाचं भांडण लागलं तर मोजणीवाल्याला बोलावतात. गोळ्याचं भांडण लागलं की मला बोलावतात.

याला कारण माझी नोकरी. मी घोडनदीत, म्हणजे कागदोपत्री शिरूरला, भूगोल शिकवतो. सासुरवाडी दौंड तालुक्यात, केडगावच्या बाजूला. मेव्हण्याने नवा मोबाइल घेतला, पहिला फोटो टाकला आणि मला फोन लावला. "दाजी, फोटोवर पृथ्वी आलीय. तुमच्या विषयातलं दिसतंय." झालं. त्यानंतर दोन माणसांच्या बाहुल्या आल्या, कुलूप आलं, दातेरी चाक आलं. यातलं काहीही कुठल्याच इयत्तेच्या भूगोलात नाही, पण एकदा गोळा माझ्या नावावर चढल्यावर बाकीचं सामानही माझ्याच दारात उतरलं. शाळेत मला 'सर' म्हणतात, सासुरवाडीत 'दाजी', आणि दोन्ही तालुक्यांत मिळून 'सेटिंगवाले'. बायको म्हणते, "अहो, बाजारात त्या नावाने कुणी हाक मारली तर ओ देऊ नका. लोकांना वाटतं तुम्ही बदल्या करून देता."

शिकवायची संधी दिसली की मला राहवत नाही. एका दिवाळीत सासऱ्यांच्या पडवीत वर्गच घेतला. गोळा म्हणजे पब्लिक. पालखी यवतला मुक्कामाला आली की पिठलं-भाकरीच्या पंगतीला कोण कुठला हे विचारत नाहीत, बसेल त्याला वाढतात, तसं. फेसबुकवर खातं नसलेल्यालाही ते दिसू शकतं. दोन बाहुल्या म्हणजे फ्रेंड्स, ज्यांची रिक्वेस्ट तुम्ही घेतली तेवढेच. त्यातून काहींना वगळायचं असेल तर 'फ्रेंड्स एक्सेप्ट'. मोजक्यांनाच दाखवायचं असेल तर 'स्पेसिफिक फ्रेंड्स'. आणि कुलूप म्हणजे 'ओन्ली मी', तुमच्याशिवाय कुणाला नाही. मी थांबलो. शंका विचारा म्हणालो.

सासऱ्यांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "ते समदं कळालं. भावकीचं चित्र कंचं?"

हा प्रश्न अमेरिकेत मेन्लो पार्कला बसून बटणं बनवणाऱ्यांना अजून पडलेला नाही. त्यांची समजूत अशी की माणसाला काही मित्र असतात आणि उरलेले अनोळखी. आमच्याकडे दोन्ही जाती दुर्मीळ. मेव्हण्याच्या यादीत चुलते आहेत, व्याही आहेत, साडू आहेत, ऊसतोडीचे मुकादम आहेत आणि ज्याच्याशी विहिरीवरून कोर्टात दावा चालू आहे तो चुलतभाऊही आहे. तारखेला दोघे दौंडच्या कोर्टात एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात, पण रिक्वेस्ट कुणी नाकारलेली नाही. नाकारली तर भावकी काय म्हणेल? आणि अनोळखी म्हणाल, तर यवतला एसटीत शेजारी येऊन बसलेला अनोळखी माणूस वरवंड येईस्तोवर पाव्हणा निघतो. "म्हंजे तुमची थोरली मामी आमच्या सासूची चुलतबहीण!" असं एकदा झालं की त्याला मोबाइलचा नंबर द्यावा लागतो आणि संध्याकाळी त्याची रिक्वेस्ट येते. 'फ्रेंड्स ऑफ फ्रेंड्स' हे सेटिंग आमच्याकडे लावलं तर दोन तालुक्यांची जनगणनाच उघडेल.

फेसबुकवर एका खात्याला फ्रेंड्सची मर्यादा ५,००० ची. ती भरणं ही आमच्याकडे प्रतिष्ठेची गोष्ट आहे. "साहेबांचं जुनं अकाउंट फुल झालंय, नव्याला रिक्वेस्ट टाका," हे कार्यकर्ते ज्या अभिमानाने सांगतात, त्या अभिमानाने कुणी पोराचा दहावीचा निकाल सांगत नाही.

असे एक साहेब माझ्या ओळखीचे आहेत. नाव सांगत नाही, फ्लेक्सवर असतं. 'भावी' हे त्यांचं कायमचं पद. आधी भावी सरपंच होते, मग भावी पंचायत समिती सदस्य, सध्या भावी जिल्हा परिषद सदस्य आहेत. श्रावणात त्यांचं बोलावणं आलं. बैठकीत कार्यकर्त्यांचा चहा चालू होता. साहेबांची तक्रार एकच, पोस्टला लाइक येत नाहीत.

"सर, संक्रांतीपासून एक सण सोडला नाही. शिवजयंती, पाडवा, आंबेडकर जयंती, ईद, वटपौर्णिमा, आषाढी, परवाची नागपंचमी. फ्लेक्सवाल्याला पैसे मोजून डिझाइन करून घेतो. खाली बारा कार्यकर्त्यांचे फोटो. आणि लाइक किती? एक."

"कुणाचं?"

"माझंच."

फोन हातात घेतला. नागपंचमीवर कुलूप. आषाढीवर कुलूप. वर सरकवत गेलो, पार संक्रांतीपर्यंत कुलुपांची माळ. मुळाशी गेल्यावर उलगडा झाला. जानेवारीत साहेबांनी एका वहीच्या पानाचा फोटो टाकला होता. हातउसने कुणाकडून किती घेतले त्याची ती यादी. वही घरात कुणाच्याही हाती लागते म्हणून भाच्याने युक्ती सांगितली, "मामा, फेसबुकवर टाका, ओन्ली मी करून. जन्मात हरवायची नाही." युक्ती वाईट नव्हती. पण ते निवडताना तिथेच विचारतात, पुढच्या पोस्टलाही हेच ठेवायचं का? भाच्याने त्या चौकोनातही टिकली मारली. तेव्हापासून सात महिने साहेब तमाम तालुकावासीयांना हार्दिक शुभेच्छा देत होते आणि तमाम तालुकावासीयांच्या वतीने स्वतःच त्या स्वीकारत होते.

"साहेब, कुलूप दिसत नव्हतं का?"

"दिसत होतं की. मला वाटलं, डिझाइन कुणी चोरू नये म्हणून असंल."

खरी गंमत पुढे आहे. हे सगळं मी हळू आवाजात, साहेबांच्या कानाशी सांगितलं होतं. साहेबांनी मान वर केली आणि समोरच्या खुर्चीवरच्या कार्यकर्त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे, पाडव्याची पोस्ट बघितली होती का?"

"बघितली म्हंजे? साहेब, विरोधकांच्या पोटात गोळा आला!"

"आणि वटपौर्णिमेची?" साहेबांनी दुसऱ्याला विचारलं.

"लय भारी. वडाचं झाड तर जित्तं वाटत होतं."

पोस्टमध्ये वडाचं झाड नव्हतं. बारा फोटो लावल्यावर झाडाला जागाच उरली नव्हती. साहेबांनी एकेकाकडे बघत चहा संपवला. भूतलावर कुणालाच न दिसलेल्या पोस्टचं असं भरभरून कौतुक झाल्यावर मीही त्यात भर घातली, "डिझाइन छान आहे साहेब." मला शिरूरमध्येच राहायचं आहे.

कुलूप काढून गोळा कसा लावायचा ते दोन पोस्टवर करून दाखवलं आणि घरी आलो. उरलेल्या पोस्ट साहेब रात्री स्वतः उघडत बसले. उत्साहाच्या भरात संक्रांतीच्याही मागे गेले. सकाळी उठून पाहतो तो हातउसन्याची यादी पब्लिक झालेली. तिला मिळालेले लाइक साहेबांच्या कारकिर्दीतले सर्वाधिक. खाली तळेगाव ढमढेऱ्यापासून मांडवगण फराट्यापर्यंतच्या प्रतिक्रिया. "साहेब, माझा आकडा साडेसहा होता, साडेपाच लिहिलाय." "आमचं नावच नाही, आम्ही काय चिंचोके दिले होते का?" एकाने सवयीने लिहिलं होतं, "अभिनंदन साहेब, असेच पुढे चला!"

मला फोन आला. "सर, त्या बिघाडाचं तुम्ही काय सांगत होता?" आदल्या दिवशी चहा पिताना मी ज्ञान पाजळलं होतं. २०१८ च्या मे महिन्यात फेसबुकच्या यंत्रणेत चूक होऊन जगभरच्या सुमारे १ कोटी ४० लाख लोकांना नव्या पोस्टसाठी आपोआप पब्लिक हेच सेटिंग सुचवलं जात होतं, आणि कंपनीने जूनमध्ये ते कबूल केलं. साहेबांच्या वहीचा त्या बिघाडाशी काडीचा संबंध नव्हता, पण त्यांनी लगेच खुलासा लिहिला, "जागतिक तांत्रिक बिघाडामुळे काही कागदपत्रे नजरचुकीने..." खाली पुन्हा बारा फोटो. हा खुलासा मात्र कुणालाही दिसला नाही. भाच्याची टिकली अजून जागेवरच होती.

निदान साहेबांच्या प्रकरणात बोट त्यांचं स्वतःचं होतं. आपण हात न लावता अंगावर येतो तो टॅग. आमचे मामासासरे दौंडचे, रेल्वेतून निवृत्त, कुलूपबंद माणूस. भारतात २०२० साली प्रोफाइल लॉक करायची सोय आली तेव्हा दौंडमध्ये ती पहिल्यांदा बहुधा त्यांनीच वापरली असावी. (कव्हर फोटो मात्र झाकता येत नाही, तो सगळ्यांनाच दिसतो. मामांनी तिथे गळ्यातली साखळी शर्टावर काढून उभं राहिलेला फोटो लावला आहे, ते सोडा.) तर एका चतुर्थीला मामा मामींना सांगून निघाले, "सिद्धटेकला जाऊन येतो." रात्री उशिरा आले, हातात प्रसाद. मामी गप्प. दोन दिवसांनी मला जेवायला बोलावलं. ताटात पुरणपोळी, समोर मामी, बाजूला मामा. पोळीवर तूप सोडता सोडता मामींनी विचारलं, "जावईबापू, तुम्ही भूगोलाचे ना? दौंडावरनं सिद्धटेकला जाताना चौफुला लागतो का हो?"

ज्यांना हा मुलूख माहीत नाही त्यांच्यासाठी: सिद्धटेक दौंडच्या पूर्वेला, भीमेच्या पलीकडे. चौफुला बरोबर उलट्या अंगाला, पुणे-सोलापूर रस्त्यावर. चौफुला दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. एक, तिथे चार रस्ते मिळतात. दुसरी गोष्ट तिथली कलाकेंद्रं, जिथे संगीतबारी रंगते. मामांच्या एका मित्राने रात्री साडेनऊला फोटो टाकला होता, "जुने दोस्त, जुन्या आठवणी," खाली ठिकाण चौफुला, आणि मामांचं नाव टॅग. मित्राची पोस्ट पब्लिक. मामींकडे साधा बटणांचा फोन आहे, पण शेजारच्या मुलीकडे मोठा आहे.

मी मामांकडे पाहिलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "पृथ्वी गोल आहे, मामी. उलट्या बाजूने गेलं तरी लागतं सिद्धटेक. वेळ जरा जास्त लागतो."

पुढच्या पोळीवर तूप पडलं नाही.

जेवणानंतर मामांनी मला ओट्यावर गाठलं. "मी लॉक केलंय ना सगळं? मग?" आता हे त्यांना कसं समजावावं? कुलूप आपल्या घराला लावता येतं. दुसऱ्याच्या पोस्टमध्ये आपण असलो तर ती कोण बघणार हे ती टाकणारा ठरवतो. टॅग आपल्या भिंतीवर येऊ न देण्याची सोय आहे, पण त्यामुळे मूळ फोटो त्याच्या भिंतीवरून हलत नाही. पोस्ट नुसती फ्रेंड्सना असली तरी ज्याला टॅग केलं त्याचे फ्रेंड्सही ती बघू शकतात. मामांना धीर यावा म्हणून मी त्यांना रँडी झुकेरबर्गची गोष्ट सांगितली. फेसबुकवाल्या मार्क झुकेरबर्गची ही सख्खी बहीण, काही वर्षं त्याच कंपनीत मार्केटिंग बघणारी. २०१२ च्या डिसेंबरात तिने घरच्या मंडळींचा स्वयंपाकघरातला फोटो आपल्या माणसांसाठी म्हणून टाकला. टॅग केलेल्या दुसऱ्या बहिणीच्या ओळखीतून तो एका बाहेरच्या बाईला दिसला, तिने तो ट्विटरवर टाकला आणि पाठोपाठ तो वर्तमानपत्रांत गेला.

मामांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "त्यो मार्क कुठं सापडला, चौफुल्याला?"

"नाही, घरातच होता."

"मग त्याला काय भ्यायचं?"

इथे एक कबूल केलं पाहिजे की ज्या माणसाला दोन तालुके सेटिंग विचारतात, त्याच्या स्वतःच्या पोस्ट कुणी वाचत नाही. मी सगळं पब्लिक ठेवतो. शिरूर-दौंड पट्टा पर्जन्यछायेत का येतो यावर मी सविस्तर लिहिलं आहे, नकाशासकट. जगातल्या कुणालाही वाचता येईल असं सेटिंग आहे. जगाने ही संधी अजून घेतलेली नाही.

पण फेसबुक हे आता साहेबांचं आणि माझ्यासारख्यांचं राज्य. घराघरातलं राजकारण चालतं ते व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर. २०१७ च्या फेब्रुवारीत हे चोवीस तासांचं स्टेटस आलं आणि टोमण्यांना कायमची जागा मिळाली. त्याचे पर्याय तीन: सगळे कॉन्टॅक्ट्स, अमुक सोडून सगळे, आणि फक्त अमुक. यातला मधला पर्याय आमच्यासाठीच घडवला असावा. दौंडहून पुण्याला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत एकदा बसून बघा. निम्मा डबा दुसऱ्याचं स्टेटस शेजाऱ्याला दाखवत असतो. "तुला नाही दिसत? मग तुला वगळलंय!" हा आनंद स्टेटस बघण्याहून मोठा असतो.

मेव्हण्याच्या थोरल्या मुलीचा साखरपुडा झाला. घरातल्या घरात करायचा ठरला होता. दोनशे माणूस होतं. आत्याला, म्हणजे सासऱ्यांच्या बहिणीला, बोलावणं गेलं नाही, कारण मागच्या लग्नात आत्याने आहेराची साडी सगळ्यांसमोर उलटी करून पोत बघितला होता. तरी स्टेटस तर टाकायचंच. मेव्हण्याने मला बाजूला घेतलं. "दाजी, आत्या आणि तिची तिन्ही पोरं सोडून समद्यांना दिसंल असं करा." मी केलं. 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट', चारही नावांवर खूण, एकेक नाव मोठ्याने वाचून खात्री करून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आत्याचा फोन. आवाजात मध. "अभिनंदन रे बाळा. पेढे पोचले हं."

पेढे पाठवलेच नव्हते.

घरात हलकल्लोळ. कुणी सांगितलं? मेव्हण्याने स्टेटस कुणी-कुणी पाहिलं ती डोळ्याची यादी तपासली. त्यात आत्याकडचं कुणीच नाही. संशय आधी शेजाऱ्यांवर गेला, मग दूधवाल्यावर, मग नवऱ्या मुलाच्या मावशीवर. माझ्यावरही आला, कारण सेटिंगवाला मीच. दुपारी मी पूर्ण कॉन्टॅक्ट यादी घेऊन बसलो तेव्हा 'केडगाव गुऱ्हाळ २' या नावाशी थबकलो. फोटो एका तरुण बाईचा, नाकात नथ. ही आत्याची धाकटी सून. वर्षापूर्वी गुळाच्या ढेपांचा निरोप द्यायला तिने गुऱ्हाळावरून स्वतःच्या नंबरने फोन केला होता. मेव्हण्याने नंबर गुऱ्हाळ म्हणून सेव्ह केला, आणि वगळायच्या वेळी गुऱ्हाळाला कशाला वगळायचं? डोळ्याच्या यादीत तिचं नाव नव्हतं, कारण तिने रीड रिसीट बंद ठेवल्या होत्या. त्या बंद ठेवल्या की आपण कुणाचं पाहिलं हे त्याला कळत नाही, फक्त आपलं कुणी पाहिलं हेही आपल्याला कळत नाही. सुनेची त्याला हरकत नसावी.

संध्याकाळी आत्याचं स्टेटस आलं. पांडुरंगाचा फोटो, त्यावर ठळक अक्षरात: "माणसं ओळखायला साखरपुडा लागतो."

मेव्हणा पांढराफटक पडला. "दाजी, आता समद्या पाव्हण्यांनी वाचलं असंल! व्याह्यांनी वाचलं असंल!" त्याने बायकोला विचारलं, तिला दिसत नव्हतं. मला विचारलं, मला दिसत नव्हतं. सासऱ्यांचा फोन उघडला, त्यातही नाही. तेव्हा ध्यानात आलं. ते 'ओन्ली शेअर विथ' होतं आणि यादीत एकच नाव होतं.

शेवटी साडी, पेढे आणि एक गुळाची ढेप घेऊन आम्ही सगळे आत्याकडे गेलो. आत्याने साडी उलटी करून पोत बघितला, पसंत केला. चहा झाल्यावर मी व्यावसायिक कुतूहलाने विचारलं, "आत्या, हे एकट्याला दाखवायचं सेटिंग तुम्हाला कुणी शिकवलं?"

"सेटिंगबिटिंग मला काय कळतंय? मी सूनबाईला म्हणलं, ज्याला लागायचं त्यालाच लागू दे, बाकीच्यांचा जीव कशाला घालवायचा."

मी अख्ख्या पडवीला चार चित्रं दाखवून जे समजावू शकलो नाही, ते या बाईने फोन हातात न धरता वापरलं होतं.

तेव्हा शिरूर-दौंड पट्ट्यात येत्या लग्नसराईत साखरपुडा करणाऱ्यांना हात जोडून विनंती. आधी आत्याला फोन करा, पेढे धाडा, स्टेटस मग टाका. वगळायची यादी करताना घाई नको. आणि कुणाच्याही सुनेचा नंबर गुऱ्हाळ म्हणून सेव्ह करू नका.